ती जागा पडीक नव्हती

प्रति,
स्थलांतरित वन्यजीवांच्या जतनासाठी झालेल्या बॉन करारातील सर्व सदस्य देशांचे प्रतिनिधी

विषय : पक्ष्यांच्या थांब्यांबद्दल आपण दिलेला शब्द

महोदय, महोदया,

ऑक्टोबर २०२५ मध्ये बारीक चोचीचा कुरल नामशेष झाल्याचे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जाहीर केले. मी वाचली ती बातमी जेमतेम चार ओळींची होती. ती वाचल्यावर त्या दिवशी माझ्या हातून दुसरे काही झाले नाही.

या पक्ष्यासाठी आपल्याच कराराच्या छत्राखाली १९९४ साली खास सामंजस्य करार झाला होता. त्याचा शेवटचा निर्विवाद फोटो आहे फेब्रुवारी १९९५ चा, मोरोक्कोतल्या मेर्जा झेर्गा या खाऱ्या सरोवराकाठचा. सह्या होऊन वर्षही उलटले नव्हते. पुढची तीस वर्षे माणसे त्याला शोधत राहिली, पण नेमके कुठे शोधायचे हेही आपल्याला धड ठाऊक नव्हते. घरट्यांची खात्रीशीर जागा माहीत होती ती एकच, सायबेरियातल्या तारा गावाजवळची दलदल, आणि त्या नोंदीही शंभर वर्षांपूर्वीच्या. मग संग्रहालयांत जपलेल्या जुन्या पिसांचा रासायनिक अभ्यास झाला. २०१८ साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा दिसले की हे पक्षी बहुधा आणखी दक्षिणेला, उत्तर कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात वीण करत असावेत. त्या गवताचा मोठा भाग १९५४ पासूनच नांगराखाली गेला होता. घराचा पत्ता लागला तोवर घर राहिले नव्हते आणि घरात राहणाराही उरला नव्हता.

मी शास्त्रज्ञ नाही. नोकरी सांभाळून गेले एकोणीस हिवाळे मी एका खाडीच्या तोंडाशी, भरती-ओहोटीची वेळापत्रके बघून, पाणपक्षी मोजते. एका वहीत तारीख, भरतीची वेळ, वारा आणि आकडे, एवढेच लिहिते. अशी मोजणी करणारी माझ्यासारखी हजारो माणसे जगभर आहेत, आणि आपल्या अहवालांतले पाणपक्ष्यांचे कितीतरी आकडे आमच्याच वह्यांतून आलेले असतात. तेव्हा हे पत्र लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजते.

पहिल्या वर्षीची एक गोष्ट सांगते. पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे काम रात्री चालले होते. जाळ्यातून अलगद सोडवलेला एक छोटा टिलवा माझ्या हातात दिला गेला. कापडी पिशवीत घालून काट्याला टांगला तर वजन भरले बावीस ग्रॅम. माझ्या दोन बोटांच्या मध्ये त्याची मान होती आणि तळहाताला त्याचे काळीज लागत होते, इतके जलद की ठोके वेगळे मोजताच येत नव्हते, नुसती थरथर जाणवत होती. हा पक्षी उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून आलेला. कडी घालून त्याला ओल्या चिखलावर ठेवला. तो चार पावले पळाला, अंग झटकले आणि लगेच चोचीने चिखल टोचू लागला. माझ्या मनात काहूर माजले होते आणि त्याला फक्त खायचे होते. परतीच्या प्रवासाची चरबी त्याला त्याच चिखलातून जमवायची होती.

आता तक्रारींकडे येते.

आमच्या खाडीच्या काठाशी एक उंचवटा होता. उघडा, खारा, गवताचे पुंजके असलेला. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी त्यावर चरतात, हे सगळ्यांना दिसते. पण भरतीला तो चिखल पाण्याखाली जातो. त्या चार-पाच तासांत या पक्ष्यांनी जायचे कुठे? त्यांना पोहत बसता येत नाही, झाडावर टेकता येत नाही. त्यांना लागते जवळची कोरडी, मोकळी जागा, जिथून ससाणा किंवा कुत्रा लांबूनच दिसेल. तिथे ते वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर, खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि शक्ती राखतात. आमच्या खाडीत ती जागा म्हणजे हा उंचवटा. सरकारी नोंदीत त्याचे वर्णन एका शब्दात होते : पडीक.

एका प्रकल्पासाठी तो भराव टाकून बुजवण्याचे ठरले. त्याआधी पर्यावरणाची पाहणी झाली. दोन दिवस, जून महिन्यात. अहवालात वाक्य आले की पाणपक्ष्यांचा लक्षणीय वावर आढळला नाही. जूनमध्ये कसा आढळणार? जूनमध्ये तो टिलवा टुंड्रात अंड्यांवर बसलेला असतो. मी माझ्या वहीच्या सगळ्या पानांच्या प्रती काढून सुनावणीला नेल्या. त्या घेतल्या गेल्या, पोच मिळाली, पुढे काही झाले नाही. एक अधिकारी मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, चिखल तर आम्ही तसाच ठेवलाय की." ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होते की पक्ष्यांचे ताट राखले म्हणजे झाले.

पुढच्या हिवाळ्यात पहिल्या उधाणाच्या भरतीला मी तिथे होते. पाणी चढले तसे थवे उठले आणि सवयीने उंचवट्याकडे वळले. तिथे मातीचे ढीग आणि डंपर. ते फिरले, पुन्हा आले, पुन्हा फिरले. एक तास चाळीस मिनिटे ते थवे पाण्यावर घिरट्या घालत राहिले. मी घड्याळ लावून बसले होते. ज्या चरबीवर त्यांना हजारो किलोमीटर जायचे असते ती ते रोज दोन भरत्यांना अशी जाळणार होते. त्या हंगामात एकही पक्षी माझ्या डोळ्यांदेखत मेला नाही. आकडे मात्र दर हिवाळ्याला खाली येत गेले, आणि कुठल्याही कागदावर त्याचे कारण लिहिले गेले नाही.

आपल्याला मी ही एका खाडीची गोष्ट सांगते आहे, कारण हीच गोष्ट सगळ्या उड्डाणमार्गांवर, मोठ्या मापाने, घडते आहे.

पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये उपग्रहाचे यंत्र लावलेले या जातीचे एक पाच महिन्यांचे पिल्लू अलास्काहून निघाले आणि कुठेही न टेकता ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला उतरले. निघण्यापूर्वी हे पक्षी इतके खातात की अंगावर चरबीचे थर चढतात, आणि मग पचनाची इंद्रियेच आक्रसून घेतात, वाटेत त्यांचे ओझे नको म्हणून. मात्र दक्षिणेकडून उत्तरेला परतताना त्यांना मध्ये एक मोठा मुक्काम लागतोच, आणि तो आहे चीन आणि कोरियाच्या मधल्या पीत समुद्राच्या किनाऱ्यावर. त्या किनाऱ्यावरचे सुमारे दोन तृतीयांश चिखलपट्टे पन्नास वर्षांत गेले.

दक्षिण कोरियात सेमांगेमला ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत २००६ साली जोडली गेली आणि सुमारे ४०० चौरस किलोमीटर खाडी भरती-ओहोटीपासून तुटली. पक्षी शेजारच्या चिखलपट्ट्यांवर जातील, असे तेव्हा म्हटले गेले. मोजणाऱ्यांनी शेजारचे पट्टे मोजले. ग्रेट नॉट हा पक्षी तिथे त्या प्रमाणात वाढला नाही. तो कमी झाला हजारो किलोमीटर दूर, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या मोजणीत. भिंत एका देशात बांधली आणि पक्षी दुसऱ्या देशात परतले नाहीत. त्या दुसऱ्या देशाला भिंतीबद्दल कुणी विचारले होते का? माझी मुख्य तक्रार हीच आहे. पक्ष्याचे घर ही एक साखळी आहे, आणि आपण तिची एकेक कडी वेगळ्या फायलीत, वेगळ्या टेबलावर, शेजारच्या टेबलाला न विचारता निकालात काढता. सबंध साखळीबद्दल जाब विचारावा असा माणूस कुठेच बसलेला नाही.

आणि आपल्याला हे माहीत नाही असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये समरकंदला भरलेल्या आपल्याच परिषदेत जगातल्या स्थलांतरित प्रजातींचा पहिला अहवाल मांडला गेला. करारात नोंदलेल्या १,१८९ प्रजातींपैकी ४४ टक्क्यांची संख्या घटते आहे, पाचांतली एकीहून अधिक नामशेष होण्याच्या धोक्यात आहे, हे त्यात आहे. या प्रजातींसाठी महत्त्वाच्या ठरलेल्या जैवविविधता क्षेत्रांपैकी ५१ टक्क्यांना कसलेही कायदेशीर संरक्षण नाही, हेही त्यात आहे. जागांची यादी आपल्याकडे तयार आहे. यादीतल्या निम्म्याहून अधिक जागांच्या वाट्याला कायदा आलेला नाही.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात लिहिते. त्या लहान आहेत म्हणून नव्हे, तर त्यांवर उपाय कधीचेच सापडलेले आहेत म्हणून.

भूमध्य समुद्राभोवती दर वर्षी १.१ ते ३.६ कोटी पक्षी बेकायदा मारले किंवा पकडले जातात असा अंदाज २०१५ साली बर्डलाइफ इंटरनॅशनलने मांडला. जाळी आणि चिकट काड्या उघड्यावर लावलेल्या असतात, हुडकायला गुप्तहेर लागत नाहीत. शिशाच्या छऱ्यांनी पाणथळीचा तळ विषारी होतो, बदके ते खडे समजून गिळतात. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत हे छरे १९९१ साली बंद केले, युरोपीय संघाने पाणथळींत २०२३ साली. मधली बत्तीस वर्षे कशात गेली? रात्रीच्या दिव्यांचेही तसेच. न्यूयॉर्कमधल्या ९/११ च्या स्मारकाच्या प्रकाशझोतांनी सात वर्षांतल्या सात रात्रींत सुमारे ११ लाख पक्ष्यांना वाटेवरून खेचले असे संशोधकांना आढळले, आणि झोत थोडा वेळ विझवताच पक्षी मार्गाला लागलेलेही त्यांनी पाहिले. शिकागोत सरोवराकाठच्या एका प्रचंड काचेच्या इमारतीखाली ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्रीत जवळपास हजार पक्षी मरून पडले. पुढच्या वर्षी तिथल्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली गेली आणि असे मृत्यू नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झाले. ठिपके! एवढ्याशा गोष्टीसाठी आपण किती मृत्यूंची वाट पाहतो.

विषाची एक हकिगत मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण ती आशेची आहे. स्वेन्सन्स हॉक हा शिकारी पक्षी उत्तर अमेरिकेत वीण करतो. तिथे त्याची संख्या का घटते ते कळेना. मग काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाची यंत्रे बसवली आणि संशोधक त्यांच्या मागावर अर्जेंटिनापर्यंत गेले. तिथे शेतांत नाकतोडे मारायला मोनोक्रोटोफॉस फवारले जात होते, आणि नाकतोडे हेच या पक्ष्यांचे हिवाळी अन्न. झाडांखाली पक्ष्यांचे खच पडले होते. १९९५-९६ च्या एका हंगामात सुमारे वीस हजार मेले असावेत असा अंदाज निघाला. त्यानंतर सरकार, शेतकरी, कीटकनाशक बनवणारे आणि पक्षीतज्ज्ञ एकत्र बसले. ते औषध त्या भागातून मागे घेतले गेले आणि ते सामूहिक मृत्यू थांबले. दोन खंडांतली माणसे एका पक्ष्यासाठी एका टेबलाशी आली, आणि काम काही थोड्या वर्षांत झाले. सर्व पक्ष्यांसाठी मी नेमके हेच मागते आहे.

हवामान बदलाचे काय, असे आपण विचाराल. त्याची झळ आहेच. रेड नॉटची पिल्ले आर्क्टिकमध्ये आता बर्फ लवकर वितळल्याने किड्यांचा हंगाम चुकवतात, लहानखुरी राहतात आणि त्यांच्या चोची आखूड भरतात. मग मॉरिटानियातल्या बँक द'आर्ग्विनच्या चिखलात खोल रुतलेल्या शिंपल्यांपर्यंत ती चोच पोहोचत नाही. आर्क्टिकचा बर्फ एका वर्षात परत आणा असे मी म्हणत नाही. पण ज्या पक्ष्याला वर उत्तरेत पोटभर मिळेनासे झाले आहे, त्याचा खालचा मुक्काम तरी बुजवू नका. हवामानाचे नाव पुढे करून भरावाचे ट्रक चालू ठेवणे मला मान्य नाही.

लोकांच्या पोटापाण्याचा मुद्दाही मी टाळत नाही. पक्षी वाचवायचे म्हणजे माणसे हटवायची, ही समजूत आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहे आणि तिने पक्ष्यांचे फार नुकसान केले आहे. नागालँडच्या दोयांग जलाशयाकाठी २०१२ साली अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यांत पकडले जात असल्याचे उघड झाले. सायबेरिया आणि उत्तर चीनमधून आफ्रिकेच्या दक्षिणेकडे जाणारे हे पक्षी तिथे विसाव्याला उतरतात. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, पांगती आणि आसपासच्या गावांनी शिकार बंद केली. गावांच्या सभा, चर्च, वनखाते आणि निसर्गसंस्था सगळे मिळून बसले, पण निर्णय पाळला तो ज्यांचे उत्पन्न बुडत होते त्या माणसांनी. त्या वर्षी यंत्र बसवलेल्या एका ससाण्याला पांगती हेच नाव दिले गेले. आमच्या खाडीवरही भरावाबद्दल मला पहिल्यांदा कळवले ते चिखलात कालवे वेचणाऱ्या बाईंनी. त्या पक्ष्यांमध्ये वाकून काम करत तेव्हा थवा दहा-बारा पावलांवर चरत राही. मी दुर्बीण घेऊन आले की तोच थवा उडून जाई.

आता मागण्या.

ज्या जागेवर स्थलांतरित पक्षी उतरतात तिथे कोणतेही बांधकाम, भराव किंवा नांगरट मंजूर करण्यापूर्वी पाहणी पूर्ण वर्षाची असावी, पक्षी जातानाची आणि येतानाची दोन्ही. किनाऱ्यावर ती भरतीच्या वेळीही व्हावी, आणि भरतीला पक्षी जिथे थांबतात ती जागा चिखलपट्ट्याचाच भाग म्हणून मोजली जावी. हंगाम सोडून केलेली पाहणी रद्दबातल धरावी.

पाणथळी, खाजणे आणि गवताळ माळ यांच्या नोंदींतून पडीक हा शब्द काढून टाकावा. त्या जागेचे जे आहे ते नाव लिहावे. मला ही मागणी सर्वांत मोलाची वाटते, कारण फायलीतला हा एक शब्द पुढची सगळी दारे उघडून देतो.

एका देशातल्या महत्त्वाच्या थांब्याला हात लावायचा असेल तर त्या उड्डाणमार्गावरच्या इतर देशांना आधी लेखी कळवावे, त्यांचे उत्तर मागवावे आणि ते जनतेला वाचायला ठेवावे. हे अशक्य नाही. वॅडन समुद्राची काळजी नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क १९७८ पासून एकत्र घेत आहेत. चीनने जानेवारी २०१८ मध्ये व्यापारी कारणांसाठी समुद्र बुजवण्यास बंदी घातली, २०१९ साली तिथल्या आणि २०२१ साली कोरियातल्या चिखलपट्ट्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. ज्या पीत समुद्राबद्दल मी वर एवढे लिहिले तिथेच हे घडले आहे.

स्थलांतराच्या आठवड्यांत उंच इमारतींचे बाहेरचे दिवे रात्री बंद, मोठ्या काचांवर ठिपके, थांब्यांजवळच्या वीजतारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या, पाणथळींत शिशाच्या छऱ्यांना सगळीकडे बंदी. यांसाठी आणखी अभ्यासगट नेमू नका, तारखा जाहीर करा.

चिखलावर, पाण्यावर, गवतावर ज्यांचे पोट आहे त्यांना संरक्षणाच्या प्रत्येक समितीत मत असावे. त्यांना आधी हुसकावून मग पाटी लावण्याची पद्धत थांबवा.

आणि शेवटची मागणी हिशेबाची. प्रत्येक सदस्य देशाने दर वर्षी आपल्या हद्दीतल्या थांब्यांची यादी प्रसिद्ध करावी : कोणती जागा, गेल्या वर्षी किती होती, या वर्षी किती उरली, कमी झाली असेल तर कुणाच्या सहीने. बारीक चोचीच्या कुरलाच्या बाबतीत अशी एकही सही कुणाला दाखवता येणार नाही, इतक्या त्या विखुरलेल्या आहेत.

आमच्या खाडीत भरावाच्या पलीकडे एक लहानसा उघडा तुकडा अजून शिल्लक आहे. गेल्या उधाणाला त्यावर टिलव्यांचा एक थवा दाटीवाटीने उभा होता, कडेच्या पक्ष्यांचे पाय पाण्यात. या तुकड्याची नोंदही पडीक अशीच आहे. ती बदलेपर्यंत माझ्या वहीतल्या प्रत्येक भरतीचा आकडा मी आपल्या सचिवालयाकडे पाठवत राहणार आहे. या पत्राच्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
खाडीवर पक्षी मोजणारी एक नागरिक